लेखी आदेशाशिवाय

मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता लडकू वेखंडे यांच्या हातून एक म्हातारी वाहून गेली.

लगेच घाबरायचं कारण नाही, म्हातारी कंप्युटरमधली होती. पण हे वाक्य लडकूभाऊंना त्या दिवशी कुणी सांगून पाहायला हवं होतं. पंखा फुल्ल असताना त्यांच्या बनियनला घाम सुटला होता. समोर स्क्रीनवर नुसतं गढूळ पाणी, त्यात एक पेटता कंदील गोल गोल फिरतोय, आणि खाली इंग्रजीत एक ओळ आलेली. लडकूभाऊंनी चष्मा पुसून ती अक्षराला अक्षर लावून वाचली. अर्थ असा निघाला की, तुझं गप्प बसणं लक्षात ठेवलं जाईल.

पहिल्यांदा त्यांना हे कौतुकच वाटलं. गोपनीय अहवालात साहेब लिहितात ना, 'कर्मचारी मितभाषी आहे', त्यातला प्रकार. मग कंदील बुडाला.

आता हे लडकूभाऊ कोण, ते सांगायला पाहिजे. धरणावर एकतीस वर्षं दरवाजे उघड-बंद करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला हा माणूस. भातसानगरच्या वसाहतीतली खोली सोडून त्यांनी शहापूरच्या रस्त्याला स्वतःचं घर बांधलं. एकतीस वर्षांत एकही मेमो नाही. ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात आणि जुन्या माणसाला महिन्यातून एकदा, विसरू नये म्हणून. मेमो नसण्याचं कारण एकच. लेखी आदेशाशिवाय त्यांनी कधी दरवाजाला हात लावला नाही. साहेब फोनवर ओरडू दे, समोर येऊन ओरडू दे, लडकूभाऊ शांतपणे वही पुढं करायचे. "साहेब, इथं लिवा. खाली सही करा. सहीखाली टाइम घाला." एकदा ऐन पुरात बिनतारी संदेश यायला चाळीस मिनिटं लागली होती, तेव्हा हा गृहस्थ चाळीस मिनिटं दरवाजाच्या मोटरीशेजारी भिजत उभा होता. संदेश आला, लिहून घेतला, मगच बटण दाबलं. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्रक अजून दिवाणखान्यात टीव्हीच्या वर आहे.

नोकरी सुटली, पण सवय घरी आली. घरात कुणी काही विचारलं की लडकूभाऊ म्हणायचे, "बघू." भिंतीला कुठला रंग द्यायचा? बघू. गच्चीवर पत्रे टाकायचे का? बघू. त्यांच्या बायकोनं, हिराबाईंनी, या 'बघू'वर फार वर्षांपूर्वी उपाय शोधला होता. त्या विचारायच्या, 'बघू' ऐकून घ्यायच्या आणि करून मोकळ्या व्हायच्या. घराला पिस्ता रंग तसाच लागला.

त्यांची एकुलती एक मुलगी योगिनी. वाशिंदच्या एका कारखान्यात पंप तपासायच्या खात्यात होती. संध्याकाळी घरी आली की चहा घेऊन कंप्युटरसमोर बसायची आणि एक लांबलचक इंग्रजी नावाचा खेळ खेळायची. लडकूभाऊ त्याला 'खोऱ्याचा खेळ' म्हणायचे. खेळात एक पोरगी गावोगाव फिरते, लोकांना भेटते, लोक तिला अडचणी सांगतात, ती ठरवते. तिच्यासोबत एक म्हातारी नावाडीण, हातात कंदील. योगिनी तिला मावशी म्हणायची. या सगळ्यात लडकूभाऊंना पडायचं काही कारण नव्हतं, पण एके दिवशी त्या खेळात धरण आलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी लडकूभाऊ लेकीच्या खुर्चीमागं कप घेऊन उभे.

"ह्याला सांडवा कुठाय गो? पाणी जास्त झाला तर जाणार कुठं?"

"बाबा, खेळ आहे तो."

"खेळ असला म्हणून काय झालं? खाली वस्ती आहे ना? मंजुरी कोणी दिली याला?"

"राजानं."

"राजाला काय कळतं त्यातलं!"

योगिनी हसायची. तिला ते आवडायचं आणि लडकूभाऊंना तर फारच. निवृत्तीनंतर त्यांच्या मताला किंमत देणारं तेवढं एकच धरण उरलं होतं.

योगिनीनं त्यांना हेही सांगितलं होतं की हा खेळ तिनं कडक पद्धतीवर लावलाय. एकदा जे केलं ते केलं. खेळ आपोआप नोंद करतो आणि मागं जाता येत नाही. "म्हणूनच मजा आहे, बाबा." लडकूभाऊंना हे बिलकूल पटलं नव्हतं. सरकारात सगळ्याला दुरुस्ती आहे. जन्मतारखेला आहे, सातबाऱ्याला आहे, मेलेल्या माणसाला हयात दाखवायलासुद्धा अर्ज आहे. ह्या खेळातच बरी नाही!

आणि अजून एक गोष्ट. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं एक पाकीट खोचलेलं होतं. कोईमतूरच्या एका पंपाच्या कंपनीनं योगिनीला बोलावलं होतं, मोठ्या जागेवर. होकार कळवायची शेवटची तारीख शुक्रवारची. योगिनीनं तीनदा विचारलं होतं, "बाबा, काय करू? तुमी म्हणाल तसं." तिन्ही वेळा लडकूभाऊ म्हणाले होते, "बघू." खरं सांगायचं तर त्यांना ती जायला नको होती. कोईमतूर नकाशात कुठं येतं ते त्यांनी गुपचूप बघितलं होतं आणि मग नकाशा मिटून ठेवला होता. ती गेली तर संध्याकाळी कुणाच्या खुर्चीमागं उभं राहायचं? पण 'जाऊ नको' म्हणायलाही जीभ उचलत नव्हती. मग राहिलं 'बघू'.

तर सोमवारी मायलेकी मुरबाडला गेल्या. हिराबाईंच्या भावाच्या मुलीचं लग्न गुरुवारी होतं. लडकूभाऊ गुरुवारी सकाळी येणार होते, कारण नळाला पाणी एक दिवसाआड आणि ते भरायला घरी कुणीतरी हवं. आयुष्यभर मुंबईला पाणी सोडलेला माणूस मेच्या महिन्यात स्वतःच्या घरी चार पिंपं भरायला मागं राहिला. याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं, नियमात होतं ते.

मंगळवारी पिंपं भरून झाली आणि दुपार मोकळी पडली. लडकूभाऊंना वाटलं, धरण एकदा जवळून बघावं. योगिनी दोन महिने त्या धरणाच्या दाराशीच थांबली होती, आत काही जात नव्हती. का, ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी कंप्युटर चालू केला. पुढं जायचं बटण त्यांना ठाऊक होतं. वही-पेन शेजारी ठेवलं आणि रीतसर पाहणीला निघाले. भिंतीवर दोन ठिकाणी गळती, नोंद केली. कठडा तुटलेला, नोंद केली. चालत चालत दरवाजापाशी आले आणि आभाळ काळं झालं.

पाऊस. नदी फुगली. मावशी कंदील घेऊन पळत आली आणि बोलू लागली. लडकूभाऊंनी खालची अक्षरं वाचली. दरवाजा उघडला तर खालची शेतं जातील, नाही उघडला तर धरण फुटेल, तू सांग, काय करू? समोर दोन बटणं, उघड आणि उघडू नको. वर एक घड्याळ, नव्वद सेकंदांचं, उलट चाललेलं.

इथं दुसरा कुणीही असता तर काहीतरी एक दाबून मोकळा झाला असता. लडकूभाऊंनी हात मांडीवर ठेवले. दरवाजाचा प्रश्न होता, आणि त्यांच्या आयुष्यातला एकमेव नियम दरवाजाचाच होता. त्यांनी त्या पोरीला मागं वळवलं आणि साहेबांचं कार्यालय शोधायला लागले. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. एक चौकी दिसली, तिच्यात कुणी नाही. "ड्युटीवर माणूस नाय पावसाळ्यात!" लडकूभाऊ स्क्रीनवर ओरडले. मागून मावशी परत परत विचारत होती. तू सांग. तू सांग ना. घड्याळ शून्यावर आलं. मावशीनं एकदा त्या पोरीकडं बघितलं, कंदील दातांत धरला आणि स्वतःच खाली उतरून हातानं दरवाजा उचलायला लागली. दरवाजा उघडला. धरण वाचलं. मावशी गेली.

लडकूभाऊंनी पहिलं काम केलं ते म्हणजे शेजारच्या साईनाथला हाक मारली. साईनाथ वीज खात्यातला निवृत्त वायरमन. जगातल्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडं एकच इलाज होता आणि तो त्यानं घरात शिरायच्या आधीच केला. मेन स्विच खाली पाडला.

"आता वर कर. सगळा पहिल्यासारका दिसंल."

स्विच वर केला. कंप्युटर सुरू झाला. नदी शांत, ऊन पडलेलं, आणि घाटाच्या पायरीवर कुणीतरी तो विझलेला कंदील आणून ठेवलेला. खेळानं नोंद केव्हाच करून टाकली होती.

"पक्का बांधलाय रे," साईनाथ आदरानं म्हणाला.

"साईनाथ, माझ्यामुळं गेली रे म्हातारी. मी दरवाजा उघडायला पायजे होता. नुसता बघत बसलो मी."

हे वाक्य लडकूभाऊ अंगणात बोलले. कुंपणापलीकडं देवकीवहिनी पापड वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला पापड हातातच राहिला.

बुधवारी सकाळी लडकूभाऊ शहापूरच्या बाजारात पंकजच्या दुकानात हजर. पंकज मोबाइल दुरुस्त करतो आणि असले खेळही खेळतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते दवाखान्यातल्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर आलेलं लडकूभाऊंना अजिबात आवडलं नसतं.

"काका, किती तासांचा सेव्ह होता?"

"म्हणजे?"

"योगिनी किती तास खेळली होती?"

"कोपऱ्यात एकशे बेचाळीस लिवलंय."

पंकजनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मावशी गेली? अरारारा. काका, ती शेवटपर्यंत सोबत राहते. ती नसली तर शेवटचं बेट बंद. आणि गावातले लोक आता तुमच्याशी बोलायचे नाय."

"का? मी काय केलं?"

"काय नाय केलं ना काका. तेच."

"उपाय सांग."

"एकच. नवीन सुरू करा आणि पहिल्यापासून तिथपर्यंत या. एकशे बेचाळीस तास."

लडकूभाऊंनी बोटं मोजली. उद्या सकाळी लग्नाला जायचं होतं. न झोपता, न जेवता, नळाचं पाणी सोडून दिलं तरी बसत नव्हतं. "आणि अर्ज?" त्यांनी विचारलं. "कंपनीला अर्ज केला तर?"

पंकजला हसू आवरलं नाही. पण लडकूभाऊंचा चेहरा बघून त्यानं कंपनीचा पत्ता शोधून दिला आणि लडकूभाऊंनी सांगितला तसा अर्ज टाइप केला. विषय, मयत सहकारी पात्र श्रीमती मावशी यांना पुनश्च हयात करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की दिनांक अमुक रोजी सोळा वाजून पंधरा मिनिटांनी सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश प्राप्त न झाल्याने अर्जदार दरवाजा उघडू शकला नाही. सदर प्रकारात अर्जदाराचा कोणताही हेतू नव्हता. तसेच आपल्या धरणास सांडवा नसल्याचे निदर्शनास आणून देण्यात येत आहे. सोबत, गळतीची नोंद. पंकजनं त्याचं इंग्रजी केलं. लडकूभाऊंनी खाली सही कुठं करायची विचारलं.

घरी येऊन वाट बघत बसले असते तरी चाललं असतं. पण दुखावलेला माणूस गप्प बसत नाही. लडकूभाऊंनी ठरवलं, उत्तर येईपर्यंत आपण गावकऱ्यांची समजूत काढू. खेळात शिरले. लोहारानं पाठ फिरवली. विहिरीवरच्या बायका घडे उचलून निघून गेल्या. एका लहान पोरानं तर या पोरीकडं बघून दार लावून घेतलं. एकतीस वर्षं मेमो नसलेल्या माणसाला हे सहन होईना. "अरे, ऐकून तरी घ्या माझं!" ते म्हणाले. ऐकायचं बटणच नव्हतं. मग त्यांनी नुकसानभरपाई म्हणून योगिनीचा घोडा ज्यांची शेतं वाहून गेली होती त्यांना देऊन टाकला. शेतकऱ्यांनी घोडा घेतला आणि बोलले नाहीत ते नाहीतच. मग सरपंचासारखा एक दाढीवाला दिसला, त्याच्यापुढं लडकूभाऊंनी पोरीला वाकून नमस्कार करायला लावायचं म्हणून एक बटण दाबलं. ते तलवार उपसायचं निघालं. दाढीवाल्यानं तिला गावाच्या हद्दीबाहेर काढलं. खेळानं नोंद केली.

आता घोडा नाही, गाव नाही, मावशी नाही. ती पोरगी माळावर एकटी उभी आणि मागं सूर्य मावळतोय. त्यांनी माउसवरचा हात काढला.

तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर भागी उभी होती. डोंगरावरच्या पाड्यातली म्हातारी, उन्हाळ्यात करवंदं आणि पावसाळ्यात रानभाजी घेऊन यायची, आळीत तिला सगळे ओळखतात. तिच्या मागं चार बायका, आणि त्यांच्या मागं अंग चोरून देवकीवहिनी.

"लडक्या, मी मेले असा कोणी सांगला?"

लडकूभाऊंना काही कळेना. मग कळलं. देवकीवहिनींनी काल कुंपणावरून ऐकलं होतं की लडकूभाऊंच्या समोर कुणी म्हातारी वाहून गेली. भागी दोन दिवस करवंदं घेऊन आली नव्हती. दोन आणि दोन चार करून वहिनींनी पार पोलीस पाटलापर्यंत पोचवलं होतं. भागीच्या पाड्यावर माणूस गेला तेव्हा भागी तांदूळ निवडत होती.

"मी म्हटलं फक्त," देवकीवहिनी मागून म्हणाल्या, "की काळजी वाटते."

लडकूभाऊंनी सगळ्यांना आत घेतलं आणि स्क्रीन दाखवली. दरवाजा, घड्याळ, मावशी, सगळं सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भागी हसली नाही. तिनं त्या माळावरच्या पोरीकडं बराच वेळ बघितलं.

"तिनं तुला इचारला?"

"विचारलं."

"न तू गप ऱ्हायलास?"

"मला आदेश नव्हता ना गो भागी."

"आदेश कसाला! तिनं राजाला नाय इचारला. तुला इचारला." आणि पानावरची मूठभर करवंदं टेबलावर ठेवून ती निघून गेली. देवकीवहिनी जाता जाता सांगून गेल्या की म्हातारीच्या नावानं दही-भात नदीला सोडावा, मनाला बरं वाटतं. कुठल्या नदीला, ते त्यांनी सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी मुरबाडच्या गाडीत बसल्यावर मोबाइलवर कंपनीचं उत्तर आलं. लडकूभाऊंनी शेजारच्या कॉलेजच्या पोरीकडून वाचून घेतलं. आपल्या प्रवासाबद्दल आम्ही आभारी आहोत. आपण निवड केली नाहीत, हीदेखील आपलीच निवड होती. त्यात बदल करता येणार नाही. पुढील प्रवासास शुभेच्छा. गळतीबद्दल एक अक्षर नाही. "सही कुणाची आहे खाली?" लडकूभाऊंनी विचारलं. सहीच नव्हती.

किन्हवली गेलं, सरळगाव आलं, लडकूभाऊ खिडकीतून बाहेर बघत होते आणि त्यांच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता. रात्री झोपायच्या आधी त्यांनी खुलासा लिहून ठेवला होता. आयुष्यात पहिला.

मांडवात शिरायला आणि मेव्हण्यानं गाठायला एकच वेळ. "भावजी, ती म्हातारी वाचली का शेवटी?" म्हणजे देवकीवहिनी मुरबाडपर्यंत पोचल्या होत्या. नवरदेवाकडचे एक गृहस्थ वकील निघाले. त्यांनी लडकूभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की निवृत्त कर्मचाऱ्यावर जबाबदारी येत नाही, पण तोंडी काही बोलू नका. लडकूभाऊंनी त्यांना जेवायला बसवलं आणि योगिनीला शोधायला लागले. ती मांडवाच्या मागं, आचाऱ्यांच्या पातेल्यांपाशी, पाहुण्यांसाठी पाण्याचे ग्लास भरत होती. हिरवी साडी, गजरा. लडकूभाऊंना ती एकदम मोठी दिसली.

त्यांनी कागद पुढं केला.

योगिनीनं वाचला. बँड जोरात वाजत होता, त्यामुळं हसली का रडली ते लडकूभाऊंना आवाजावरून कळेना. वाचता वाचता ती घोड्यापाशी थांबली, तलवारीपाशी थांबली. मग कागद खाली केला.

"मावशी स्वतः गेली खाली?"

"स्वतः. मी साहेब शोधत होतो."

योगिनीचे डोळे भरले. "बाबा, मी दोन महिने त्या दारात का थांबले होते ठाऊक आहे? आत गेलं की मावशी विचारणार हे ठाऊक होतं, आणि मला पण जमत नव्हतं. काही दाबायलाच जमत नव्हतं. रोज उघडायचे आणि तुमचं सांडव्याचं ऐकत बसायचे."

"माफ कर गो मला. तुझे एकशे बेचाळीस तास गेले."

"जाऊ दे तास." तिनं नाक पुसलं. "मी असते तरी तीच गेली असती बहुतेक. मी पण गप्पच बसले असते. तुमचीच पोरगी ना."

लडकूभाऊंना हे वाक्य लागलं. मोठ्या पातेल्यात डाळ रटरटत होती, आचारी मध्येच "बाजूला व्हा काका" म्हणत होता, आणि लडकूभाऊंना त्या वाफेत नुसती मावशी दिसत होती. तू सांग. तू सांग ना. आणि मग मावशी नव्हती, तीनदा चहाचा कप हातात घेऊन विचारणारी योगिनी होती.

"तुझं ते कोईमतूरचं," ते म्हणाले. "शेवटची तारीख कधी?"

"उद्या."

"मी तीनदा बघू म्हटलं."

"ठाऊक आहे. मोजलंय मी."

"मला तू जायला नको आहेस, योगिनी. खरं तेच सांगतो. घर खायला उठंल मला. म्हणून मी गप बसलो. आदेश-बिदेश काही नाय, नुसता गप बसलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू जा. होकार कळव. मी सांगतो, जा."

योगिनीच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ओठांच्या कोपऱ्यात ते नेहमीचं हसू आलं, सांडव्यावरून वाद घालताना येतं ते.

"तोंडी नाय चालायचं, बाबा. लेखी द्या."

लडकूभाऊंनी खिसे चाचपले. पेन होतं, कागद नव्हता. खुलाशाची मागची बाजू त्यांनी सरकारी शिस्तीनं आधीच भरून टाकली होती. मग त्यांनी मांडवातून एक लग्नपत्रिका उचलली, पाण्याच्या पिंपावर ठेवली आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागले. विषय, दरवाजा उघडणेबाबत. कु. योगिनी लडकू वेखंडे यांना कोईमतूर येथे रुजू होण्यास याद्वारे परवानगी देण्यात येत आहे. सदर आदेश तात्काळ अमलात यावा. खाली सही केली. सहीखाली वेळ घातली, बारा वाजून पाच मिनिटं. मग जुन्या सवयीनं डाव्या कोपऱ्यात लिहिलं, प्रत माहितीसाठी, सौ. हिराबाई.

प्रत द्यायला ते मांडवात गेले. हिराबाई नवरीच्या साडीवरचा हळदीचा डाग पुसून देत होत्या. त्यांनी पत्रिका वाचली, परत नवऱ्याच्या हातात दिली आणि मांडवाच्या खांबाकडं बोट दाखवलं. खांबाला टेकून एक नवी कोरी चाकांची बॅग उभी होती, तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता.

"ही कधी घेतलीस?"

"सोमवारी, गाडीतनं उतरल्या उतरल्या. मुरबाडच्या बाजारात." हिराबाईंनी पदर सावरला. "तुमच्या दरवाजाची वाट बघत बसले असते, तर मीच वाहून गेले असते."

लडकूभाऊंनी ती बॅग उचलून वजन बघितलं, चाकं फिरवून पाहिली, कुलूप दोनदा उघड-बंद करून बघितलं. मग ती घेऊन पातेल्यांच्या मागं, योगिनीकडं निघाले.